मोल्लेवायकोच्या पुलाची शेवटची सही

प्रिय कासिल्दा,

तुझा निरोप पोचला. दोन्या निएबेसच्या दुकानातला फोन मी कानाला लावला, तर नेहमीसारखी नुसती खरखर. मग तिनंच तो हातात घेतला आणि तू बोलत गेलीस तसं ती मला मोठ्यानं सांगत गेली. बटाटे घ्यायला आलेल्या बायका पिशव्या खाली ठेवून ऐकत उभ्या होत्या. तू म्हणालीस की क्लेतो आता तुला कधी ओळखतो, कधी ओळखत नाही. जेवायला बसायच्या आधी खिडकीशी बसतो, समोरच्या भिंतीवर ऊन चढलं की विचारतो, "लिओनिदासनं सही केली का?" रोज विचारतो. सुरुवातीला तुला कळेना कुठली सही. मग कळल्यावर त्याच्या जिवाला बरं वाटावं म्हणून तू "हो बाबा, केली" म्हणायला लागलीस, आणि तेव्हापासून तो जास्तच बिथरलाय. उठतो, खोल्याखोल्यांतून काहीतरी शोधत फिरतो, उशी छातीशी धरून बसतो, ताट समोर आलं की तोंड फिरवतो. "माझ्यावर त्यांचा विश्वास बसत नाही, पाद्रिनो," असं म्हणालीस तू. "तुम्ही स्वतः या. शिक्का असलेला कुठलाही कागद आणा आणि त्यांच्यादेखत एकदाची सही करून टाका. तेव्हा नाही केलीत, आता तरी करा. आणि जमणार नसेल तर का नाही केलीत, एवढं तरी सांगा." हे शेवटचं वाक्य दोन्या निएबेसनं आवाज उतरवून सांगितलं. चांगली बाई आहे. पैसेही घेतले नाहीत तिनं फोनचे.

मी येणार आहे, पण गुडघ्याचं दुखणं जरा उतरल्याशिवाय सुक्रेपर्यंतचा घाट बसमध्ये बसून निघणार नाही. तोवर क्लेतोनं उपाशी राहणं बरं नाही, म्हणून हे पत्र. दुपारच्या बसचा ड्रायव्हर सिप्रियानो ते तुझ्या हातात देईल. भर दुकानात सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हाताऱ्या धर्मबापाचं पत्र आहे पोरी, सरळ रस्त्यानं येणार नाही. खिडकीतून पूल दिसतोय, कठड्यावर कुणीतरी कांबळी वाळत घातलीत, आणि इतकं दिसल्यावर माझं मन एका जागी थांबत नाही हे तुला माहीतच आहे.

तुझा बाप आणि मी एका बाकावर बसायचो, हे तू हजारदा ऐकलं असशील. पण सेन्योरिता ओतिलियाबद्दल तुला त्यानं काही सांगितलं नसणार, कारण तिच्या तासाला तो झोपायचा. खडूनं पांढरी झालेली काळी शाल, आणि बोटात दिवंगत नवऱ्याची सैल अंगठी; पण शाळेतली बाई म्हणून सगळ्यांची सेन्योरिताच. ती आम्हाला पुस्तकातल्या कविता शिकवायची आणि पुस्तक संपलं की स्वतःच्या. त्यातली नदीची एक मला अजून येते:

नदी काही शिकत नाही, नदीला घाई असते;
काठावर जो थांबून राही, तिची ओळ त्याला दिसते.

मी ती डोळे मिटून म्हणायचो. क्लेतो माझ्या बरगडीत कोपर खुपसून विचारायचा, "आणि पलीकडे कसं जायचं ते आहे का त्यात?" सेन्योरिता ऐकून हसायची. म्हणायची, "एक थांबणारा, एक ओलांडणारा. दोघं मिळून एक शहाणा माणूस होईल." परीक्षेत तो माझ्या वहीतून कविता उतरवायचा आणि मी त्याच्या वहीतून गणितं. दोघंही जेमतेम पास व्हायचो. पुढे तो मामाच्या हाताखाली गवंडी झाला, गवंड्याचा मुकादम झाला, मुकादमाचा कंत्राटदार झाला. मी पोतोसीला जाऊन ओव्हरसियरचा अभ्यास करून प्रांताच्या बांधकाम कचेरीत तपासनीस म्हणून लागलो. म्हणजे शेवटी तो ओलांडायची सोय करत राहिला आणि मी काठावर उभा राहून बघत राहिलो. सेन्योरिताला हे कळलं असतं तर तिनं त्यावरही दोन ओळी केल्या असत्या.

तुला शाळेत मुलांना गणित शिकवायचं असतं, सरकारी बांधकामाचं शेवटचं बिल कसं निघतं ते तुझ्या वाट्याला आलेलं नाही. मला मात्र ते नेहमी एखाद्या सणासारखं वाटायचं, ज्याचे विधी एकामागून एक झालेच पाहिजेत. काम झालं की आधी मोजमाप. मग तात्पुरता ताबा, म्हणजे सरकार म्हणतं, ठीक आहे, वापरून बघतो. त्यानंतर एक अख्खा पावसाळा कामावरून जाऊ द्यायचा. कुठे तडा, कुठे गळती, कुठे माती खचली, ते पावसानंच सांगायचं. पाऊस गेला की कायमचा ताबा. त्या दिवशी तपासनीस, कचेरीचा हिशेबनीस आणि गावचा प्रमुख असे तिघं कामावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातात, हातोडीनं ठोकून बघतात, पाणी जायच्या भोकांत काठी घालून बघतात. पलीकडे बायका मडक्यांतून मक्याची आंबवलेली चिचा घेऊन उभ्या असतात. तपासनिसानं सही केली की पहिला पेला जमिनीला, दुसरा कंत्राटदाराला. त्या सहीवर शेवटचं बिल आणि अडकवून ठेवलेली अनामत सुटते. आणि त्या सहीच्या वर, तपासनिसानं स्वतःच्या अक्षरात शपथेवर एक वाक्य लिहायचं असतं: या कंत्राटदाराशी माझं रक्ताचं, लग्नाचं किंवा बाप्तिस्म्याचं नातं नाही.

पोतोसीला आलेला एक परदेशी इंजिनियर हे तिसरं नातं वाचून हसला होता. त्याला काय कळणार? आपल्याकडे भाऊ भावाला फसवतो, मेव्हणा मेव्हण्याला, पण ज्याच्या मुलाच्या डोक्यावर आपण पाणी घातलं त्या कोम्पाद्रेला फसवणारा माणूस मी अजून पाहिला नाही. म्हणून तर सरकार त्या नात्याला घाबरतं. क्लेतोला आणि मला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून इतकी जुनी मैत्री असून तोवर आम्ही एकमेकांचे कोम्पाद्रे कधी झालो नव्हतो. कुणाच्या घरावर छप्पर चढलं आणि दोन पेले पोटात गेले की तो सगळ्यांसमोर म्हणायचा, "या कवीला मी माझ्या प्रत्येक भिंतीचा मेव्हणा मानतो, पण पोराचा धर्मबाप करता येत नाही. सरकारला मत्सर वाटतो." मग मी म्हणायचो, "तू कंत्राटं सोड, मी उद्या धर्मबाप होतो." तो म्हणायचा, "तू कविता सोड, मी आज सोडतो."

आपला पूल त्याच्याकडे आला तेव्हा आम्ही दोघं चाळिशीत होतो. पूल नव्हता तेव्हाचं मोल्लेवायको तू पाहिलेलं नाहीस. पावसात नदी लाल व्हायची आणि बाजाराच्या दिवशी पलीकडची माणसं दोर धरून यायची. कधी दोर यायचा, माणूस नाही. क्लेतोनं हा पूल जिवापाड बांधला. मीही त्याला सोडलं नाही. डाव्या काठाची माती धरणारी पंखभिंत मला पसंत पडली नाही, मी म्हटलं, "फोड." तो म्हणाला, "तुझ्या कवितेच्या चालीत बसत नाही म्हणून फोडू?" मी म्हटलं, "मातीच्या चालीत बसत नाही. फोड." चार माणसांसमोर त्यानं मला शिव्या घातल्या, मग स्वतः घण उचलला. संध्याकाळी त्याच भिंतीच्या दगडांवर बसून आम्ही उकडलेला मका आणि चीज खाल्लं, आणि त्यानं मला नदीची कविता म्हणायला लावली. अर्धी झाल्यावर झोपला. तात्पुरता ताबा झाला, पाऊस आला, लाल पाणी कठड्याच्या खालपर्यंत चढलं, गेलं. पुलाला ओरखडा नाही. मी रोज या खिडकीतून बघतो तो हाच पूल, पोरी. ती भिंत अजून उभी आहे.

ते दिवस कसले होते ते तुझी आई सांगायची तेव्हा तू कान झाकायचीस. पैसा हातात वितळत होता. सकाळच्या न्याहारीला पावाचा जो भाव, तो दुपारच्या जेवणाला नसायचा. माणसं पगार घेतला की घरी न जाता दुकानात धावायची. क्लेतोनं सिमेंट आणि सळया पोतोसीच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर उचलल्या होत्या, ट्रक आणि सुक्रेतलं घर तारण ठेवून. शेवटचं बिल ठरल्या दिवशी निघालं तर ट्रक वाचेल, घर वाचेल, आणि ते लांबलं तर हातात येईल तो नुसता कागद, हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि पलीकडे चिचा गाळणाऱ्या बायकांनाही माहीत होतं. म्हणून तर माझ्या सहीची सगळं गाव वाट बघत होतं.

आता पुढचं जरा सावकाश वाच. कायमच्या ताब्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी ट्रकच्या टपावरून इथं उतरलो. हिशेबनीस दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. तुझी आई तोमासा पुलाजवळच्या पत्र्याच्या खोलीत तुला घेऊन राहत होती. तू इतकीशी होतीस, अजून नावही ठरलेलं नव्हतं, कारण पाद्री यायचा तो सान्तियागोच्या सणाला आणि सण लांब होता. तुझ्याआधी त्यांना एक मुलगा झाला होता, हे तुला ठाऊक आहे. पण तो कसा गेला हे तुला कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या एका कामावर, दुसऱ्या एका गावात, बाप्तिस्मा व्हायच्या आत गेला. आणि त्याच आठवड्यात त्या गावावर गारा पडल्या, सगळा मका झोपला. डोक्यावर पाणी न पडलेलं पोर गेलं की गारा येतात असं आपल्याकडे मानतात. गावानं बोट तोमासाकडे दाखवलं. तिला विहिरीवर कुणी भांडं बुडवू देईना. क्लेतोनं रातोरात सामान ट्रकवर चढवलं. त्यानंतर कितीतरी वर्षांनी तू आलीस.

मी ट्रकवरून उतरून हात झटकतोय तोच तोमासा दारात आली. तुझं अंग तापानं पेटलेलं होतं आणि तू लाकडासारखी ताठ झाली होतीस, डोळे वर गेलेले. क्लेतो पुलावरून धावत आला. औषध देणारा माणूस पलीकडच्या खोऱ्यात, पाद्री त्याहून लांब. असं झालं तर कुणीही ख्रिस्ती माणूस पाणी घालू शकतो, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही येतं. मी म्हटलं, "क्लेतो, घाल पाणी, लवकर." तो म्हणाला, "बापानं घातलेलं कोण धरतंय? तू घाल." मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. उद्या काय आहे ते दोघांच्याही डोक्यात होतं. सिमेंट कालवायचा टिनचा मग तिथं पडला होता, त्यानं तो नदीत बुडवून आणला. "नाव?" मी विचारलं. त्याला काही सुचेना. तोमासा म्हणाली, "कासिल्दा." तिच्या आजीचं नाव. मी तुझ्या कपाळावर पाणी घातलं आणि येत होते ते शब्द म्हटले. माझा आवाज मला अनोळखी वाटला, कविता म्हणतानाचा तो नव्हता. काही वेळानं तुझं अंग सैल पडलं. मग तू रडलीस. तुझा बाप जमिनीवर बसला आणि त्यानं माझा बूट धरून ठेवला, नुसता धरून ठेवला, लहान पोर आईचा पदर धरतं तसा. ताप मात्र उतरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हिशेबनीस, गावचा प्रमुख आणि मी पुलावरून चाललो, क्लेतो मागोमाग. गाव पलीकडे उभं, मडकी मांडलेली, बासरीवाले तयार. हिशेबनिसानं कठड्यावर कागद पसरले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले. मी तुला खरं सांगतो, मी सही करणार होतो. त्या पाण्याची कुठल्या रजिस्टरात नोंद नव्हती, आम्हा तिघांखेरीज कुणाला ते माहीत नव्हतं, आणि पूल खणखणीत होता. ते वाक्य लिहायला मी पेन उघडलं, एवढ्यात क्लेतो म्हणाला, "इंजिनियर, मधल्या खांबापाशी कठड्याची उंची एकदा परत मोजू या." एरवी तो मला कधी इंजिनियर म्हणत नसे. मी समजलो. टेपचं एक टोक त्यानं धरलं, एक मी, आणि आम्ही पुलाच्या मध्यावर गेलो.

"ते वाक्य लिहू नकोस, कोम्पाद्रे," तो म्हणाला. त्यानं मला त्या नावानं हाक मारल्याची ती पहिली वेळ.

मी म्हटलं, "वेडा झालास का? छापील रीत आहे ती. दर कामाला मी तेच लिहितो."

"दर कामाला तू खरं लिहीत होतास. टेप ताणून धर, लोक बघतायत."

"क्लेतो, तुझा ट्रक जाईल. घर जाईल."

"मला मोजता येतं. माझ्याच वहीतून उतरवायचास तू." मग त्यानं पलीकडे पाहिलं. तोमासा तुला शालीत घट्ट बांधून मडक्यांपासून लांब एकटी बसली होती. "तू शपथ घेऊन लिहिणार, आपल्यात बाप्तिस्म्याचं नातं नाही. मग कालचं पाणी कुठं गेलं? तू लिहिलंस की ते पुसलं. पोर परत उघडी पडली. आणि तिचा ताप अजून आहे, लिओ."

मी म्हटलं, "देव काय कचेरीचे कागद वाचत बसलाय?"

"देव नसेल वाचत. गारा वाचतात." मग म्हणाला, "माझ्या पोराच्या वेळी वाचलं त्यांनी."

मी आणखी पुष्कळ बोललो. सान्तियागोला पाद्री येईल, रीतसर होईल, तोवर काय होतंय, असं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग टेप सोडून दिली. ती सर्रकन माझ्या हातात गुंडाळत आली. "कवी, तू आयुष्यभर शब्दांना मानत आलास," तो म्हणाला, "आता आजच्या दिवशी मला सांगू नकोस की शब्दानं काही होत नाही."

मी परत येऊन पेनाला टोपण लावलं आणि हिशेबनिसाला म्हटलं, वैयक्तिक कारणानं मी माघार घेतो, दुसरा तपासनीस नेमा. कारण सांगायची सक्ती नव्हती आणि मी सांगितलं नाही. प्रमुख म्हणाला, "काम वाईट आहे का?" मी म्हटलं, "काम उत्तम आहे." "मग?" मी पेन खिशात ठेवलं. पलीकडे बासऱ्या वाजायच्या राहिल्या. एक बाई मोठ्यानं म्हणाली, "तपासनिसाला काही पोचलं नसेल खिशात." पुढे बरीच वर्षं या गावात माझी ओळख तीच होती. निवृत्त होऊन मी इथं राहायला आलो तेव्हा सिप्रियानोच्या आईनं मला विचारलं, "ज्या पुलावर सही करवली नाही, त्याच्याकडे बघत बसायला आलात होय?" मी म्हटलं, "हो, बाई." खोटं नव्हतं ते.

बाकीचं तू भोगलंस, तुला काय सांगू. दुसरा तपासनीस नेमायचा तर कागद पोतोसीला गेले, तिथं संप, मग बँका बंद, मग सरकार बदललं. शेवटी कुणीतरी आलं, पुलावरून चालून गेलं आणि सही करून गेलं. त्या बिलाच्या पैशात तोमासानं साखर आणि मेणबत्त्या आणल्या. ट्रक गेला, घर गेलं, तुझा बाप लोकांच्या भिंतींवर रोजानं गवंडीकाम करायला लागला, तुझी आई बाजारात सूप विकायला बसली आणि तू तिच्या टोपल्याशेजारी बसून पाढे पाठ केलेस. सान्तियागोच्या सणाला पाद्री आला तेव्हा त्यानं तेल आणि मीठ लावून उरलेले विधी केले आणि चर्चच्या वहीत माझं नाव धर्मबाप म्हणून लिहिलं. सही नाकारल्यानंतरची ती तारीख सगळ्यांनी पाहिली, आधीच्या पाण्याचं कुणाला कळलं नाही. लोक म्हणाले, बघा क्लेतोचं मन, ज्यानं बुडवलं त्यालाच पोरीचा पाद्रिनो केला. तूही हेच ऐकत मोठी झालीस.

तुझ्या शिक्षिकेच्या पदवीच्या जेवणात तू उभी राहून सगळ्यांचे आभार मानलेस, आणि शेवटी म्हणालीस, "आणि ज्यांची सही आली नाही त्यांचेही आभार, त्यांच्यामुळे आम्ही कामाला लागलो." लोक खाली बघायला लागले. मी टाळ्या वाजवल्या. तुला वाटलं असेल म्हातारा निर्लज्ज आहे. मला खरोखर ते वाक्य आवडलं होतं, सेन्योरिता ओतिलियानं पूर्ण गुण दिले असते. टेबलाच्या पलीकडून क्लेतो माझ्याकडे बघत होता. नंतर अंगणात येऊन त्यानं माझा पेला भरला आणि म्हणाला, "सांगू का तिला?" मी म्हटलं, "तुझी मुलगी, तू ठरव." "नको," तो म्हणाला. "बापाचा पूल खाऊन आपण जगलो असं तिला वाटेल. तुझ्यावर रागावू दे. तुझी पाठ रुंद आहे." मी म्हटलं, "कवीची?" तो म्हणाला, "मेव्हण्याची." आणि आम्ही दोघं हसत बसलो. तू स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमच्याकडे रागानं बघितलंस, तेही मला आठवतं.

ते वचन मी आज मोडतो आहे, आणि क्लेतोला विचारता आलं असतं तर त्याला विचारून मोडलं असतं. पण दोन्या निएबेसनं तुझं बोलणं सांगितलं तेव्हाच मला कळलं की तो कुठं आहे. तू समजतेस तो अजून बिलाची वाट बघतोय. बिलाचं त्यानं त्याच दिवशी, पुलाच्या मध्यावर, सोडून दिलं होतं. तो त्या पुलावर उभा आहे, पलीकडच्या काठावर तू शालीत बांधलेली आहेस, तुझा ताप उतरलेला नाही, आणि त्याला एकच धास्ती आहे, की मी त्याचं ऐकलं नसेल. तू रोज प्रेमानं त्याला "केली" असं सांगतेस, आणि रोज त्याची पोर त्याच्या हातून जाते. तेव्हा बाळ, मी येईपर्यंत कुठलाही शिक्क्याचा कागद शोधू नकोस. उद्या भिंतीवर ऊन चढलं आणि त्यानं विचारलं की त्याच्याजवळ बस, त्याचा हात तुझ्या कपाळावर ठेव, म्हणजे तुला ताप नाही हे त्याला कळेल, आणि सांग, "नाही बाबा. लिओनिदासनं सही केली नाही. तो करणारही नाही." मग ताट वाढ. जेवेल तो.

त्या दिवसापासून तुझाच,
पाद्रिनो लिओनिदास